नळीत हवा आली कुठून?

गेल्या वेळी शोधनिबंध कसा वाचायचा यावर लिहिलं होतं आणि पुढचा लेख संशोधन आराखड्यावर असेल असं कबूलही केलं होतं. तो लिहिणार आहेच. पण मध्येच जानेवारीत आमच्या भाड्याच्या घराचं हीटिंग बंद पडलं, आणि त्या निमित्ताने सतराव्या शतकातला एक किस्सा पुन्हा नीट वाचावा लागला. पीएच.डी.ला येऊ घातलेल्या तुम्हा लोकांना तो आराखड्याआधी कळलेला बरा, असं मला वाटतं. कारण त्यातली चूक मी माझ्या प्रयोगशाळेत चार महिने करत होते.

आधी आमच्या तळघराबद्दल. मी राहते ते मेन राज्य अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. इथली बरीच जुनी घरं अजून तेलावर गरम होतात. तळघरात तेलाची टाकी, तिच्यापासून निघालेली बोटाहून बारीक तांब्याची नळी, वाटेत एक फिल्टर आणि शेवटी बर्नर. बर्नरवरचा छोटा पंप तेल टाकीतून खेचून घेतो आणि वातावरणाच्या साधारण सातपट दाबाने बारीक नॉझलमधून फवारतो. ठिणगी पडते, फवारा पेटतो. ज्योतीवर एक प्रकाशसंवेदी डोळा नजर ठेवून असतो. काही सेकंदांत त्याला ज्योत दिसली नाही तर सगळं बंद.

आम्ही तिघी घरात. तेलाचा भाव उतरेल म्हणून थांबलो आणि टाकी कोरडी पडली. नवीन तेल आलं, पण तोवर नळीत हवा शिरली होती. आपल्याकडे ट्रॅक्टरचं डिझेल संपल्यावर ‘इंजिनाने एअर धरला’ म्हणतात ना, तेच. उपायही तोच, एअर काढायचा. पंपावरच्या बारक्या व्हॉल्व्हला पारदर्शक नळी लावायची, दुसरं टोक बाटलीत, पान्याने व्हॉल्व्ह सैल करायचा आणि बर्नर चालू करायचा. आधी नुसता फेस येतो, मग फेस-तेल-फेस, मग स्वच्छ लालसर तेलाची धार. धार एकसंध झाली की व्हॉल्व्ह बंद. आम्ही हे सगळं केलं, बर्नर पेटला, आम्ही चहा केला.

चाळीस मिनिटांनी बर्नर विझला. पुन्हा एअर काढला. अर्ध्या तासाने पुन्हा विझला. बर्नरवर एक लाल बटण असतं, ते सारखं दाबायचं नाही अशी सूचना शेजारीच चिकटवलेली असते, कारण न जळलेलं तेल आत साचतं आणि मग सगळं एकदम पेटतं. बाहेर उणे २२ अंश. घर थंड पडलं की भिंतीतले पाण्याचे पाइप गोठतात आणि फुटतात. त्यामुळे रात्री दोन वाजता मी, एम.एस्सी. भौतिकशास्त्र, निदान जाहीर केलं: कुठल्या तरी जोडातून गळती आहे. नळीत हवा येते म्हणजे नळीला भोक आहे, दुसरं काय असणार? मग मी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे शोधत बसले.

आता हसा. ही खेचणारी नळी आहे. तिच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिथे भोक असेल तर तेल बाहेर येणार नाही की बुडबुडाही फुगणार नाही, हवाच गुपचूप आत जाईल. सायकलच्या ट्यूबची युक्ती इथे उपयोगाची नव्हती. बुडबुडे दिसले नाहीत तरी मी मत बदललं नाही. पाना घेऊन सगळे नट आवळले, इतकंच.

सकाळी तंत्रज्ञ आले. साठीचे असतील. त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एकाही जोडाला हात लावला नाही. पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला एक गोल गेज बसवलं. मग टाकीकडे बघितलं, बर्नरकडे बघितलं आणि म्हणाले, टाकी जवळच आहे आणि जवळपास त्याच पातळीवर आहे, तेव्हा काटा दोनच्या आसपास राहायला हवा. जोड गळत असेल तर त्याच्याही खाली राहील. हे त्यांनी बर्नर सुरू करायच्या *आधी* सांगितलं. गेजवर एकक छापलं होतं: पाऱ्याचे इंच. तळघरात पाऱ्याचा थेंब नव्हता.

तो पारा तिथे कसा आला, ती आजची गोष्ट.

गॅलिलिओचं शेवटचं मोठं पुस्तक १६३८ साली लायडनला छापलं गेलं. त्यात सॅग्रेडो नावाचं पात्र एका पंपाची हकीकत सांगतं. टाकीतल्या पाण्यावर बसवलेला पंप चांगला चालत होता, मग पाणी खाली गेलं तसा तो थांबला. सॅग्रेडोला वाटलं पंप बिघडला. दुरुस्तीला बोलावलेला कारागीर म्हणाला की दोष पंपात नाही, पाण्यात आहे. पाणी फार खाली गेलंय, आणि अठरा ब्रात्चियांच्या वर कुठलाच खेचणारा पंप पाणी चढवू शकत नाही. म्हणजे साधारण साडेदहा मीटर. माझ्या आजोळी हे सगळ्यांना माहीत होतं. विहिरीवरचा पंप वर काठावर नसायचा, आत कपारीवर असायचा, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की दोरखंड लावून त्याला आणखी खाली न्यायचे. मामाला कारण विचारलं तर म्हणायचा, ‘इतक्या वरून ओढत नाही तो.’ कारागिराचं उत्तर याच जातीचं होतं. नियम पक्का ठाऊक, कारण नाही.

गॅलिलिओने कारण दिलं, ते असं. पाण्याचा स्तंभ दोरीसारखा आहे. फार लांब दोरी टांगली तर स्वतःच्याच वजनाने तुटते, तसं पाणी तुटतं. याच्या आठ वर्षं आधी, १६३० मध्ये, जिनोआच्या बालियानीने त्याला पत्र लिहून एक अडचण कळवली होती. सुमारे २१ मीटर उंच टेकडीवरून वक्रनळीने पाणी पलीकडे न्यायचं होतं, आणि ते काही केल्या जात नव्हतं. गॅलिलिओने तेव्हाही दोरीचंच उत्तर धाडलं. बालियानीला ते पटलं नाही. त्याने उलट लिहिलं की हवेलाच वजन असावं आणि तेच पाण्याला वर ढकलत असावं. पत्र गेलं, विषय तिथेच राहिला. दोरीची ही कल्पना मात्र लक्षात ठेवा, ती शेवटी परत येणार आहे.

पुढचा भाग शाळेत आपण एका वाक्यात शिकतो: टॉरिसेलीने पाऱ्याची नळी उलटी केली आणि वातावरणाचा दाब सापडला. प्रत्यक्षात सगळा वाद पडला होता तो नळीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या रिकाम्या जागेवरून. १६४० च्या आसपास रोममध्ये गास्पारो बेर्तीने घराच्या भिंतीला दहा मीटरहून लांब शिशाची नळी उभी केली, वर काचेचं भांडं बसवलं, पाणी भरलं आणि खालचा नळ उघडला. पाणी थोडं उतरून थांबलं. वर जागा राहिली. तिच्यात काय आहे? अथानासिअस किर्शरने आत घंटा ठेवायला सुचवली. घंटा ऐकू आली, तेव्हा काहींनी निष्कर्ष काढला की आत हवा आहे. पण घंटा आधाराला जोडलेली होती आणि आधार काचेला, म्हणजे आवाज त्या वाटेनेही येऊ शकतो.

तर उत्तरं तीन होती. एक, तिथे काहीच नाही. दोन, बाहेरून फटीतून किंवा काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून काहीतरी आत शिरलंय. तीन, द्रवातूनच काहीतरी बाहेर पडून ती जागा भरतंय. रात्री दोन वाजता मला यातलं फक्त दुसरं सुचलं होतं.

टॉरिसेलीने पाणी सोडून पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून दहा मीटरचं काम ७६ सेंटिमीटरमध्ये होतं आणि प्रयोग भिंतीवरून टेबलावर येतो. (उपकरण लहान करणं हाही शोधच असतो, पण त्याला कुणी पुरस्कार देत नाही.) ११ जून १६४४ च्या पत्रात त्याने रोमच्या मिकेलआंजेलो रिच्चीला कळवलेली एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचित दिसते. त्याने नळ्या दोन घेतल्या. एक साधी, दुसरीच्या टोकाला मोठा फुगा. वरची पोकळी जर पाऱ्याला खेचून धरत असेल, तर मोठ्या फुग्यातली मोठी पोकळी जास्त जोराने खेचेल आणि पारा वेगळ्या उंचीवर थांबेल. दोन्हींत तो एकाच उंचीवर थांबला. म्हणजे धरून ठेवणारं बळ आत नाही, बाहेर आहे.

पास्कालची कमाल मला याहून आवडते. १६४६-४७ मध्ये रुआँला त्याने १५ मीटर लांबीच्या काचेच्या नळ्या करवून घेतल्या. इतकी लांब नळी उभी करायला जहाजाची डोलकाठी लागली. एका नळीत पाणी, दुसरीत लाल वाइन. वरची जागा द्रवाच्या वाफेने भरते म्हणणारे तिथे होतेच. त्यांना आधी विचारलं गेलं, कोण जास्त खाली उतरेल? वाइनला वाफ जास्त, ती खाली ढकलणार, तेव्हा वाइन खाली, असं त्यांचं उत्तर. हवेच्या वजनाचा हिशेब उलटा होता: वाइन पाण्यापेक्षा हलकी, म्हणून ती उंच उभी राहील. वाइन उंच राहिली. इथे वाइनबद्दल कुणाला काही शिकायचं नव्हतं. वाइन निवडली कारण ती दोन मतांना विरुद्ध बाजूला उभं करते. तुमच्या आराखड्यातल्या ‘पद्धती’ या प्रकरणात असा एक तरी द्रव आहे का, ते बघा.

मग १९ सप्टेंबर १६४८. पास्कालचा मेहुणा फ्लोराँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन पुई-द-डोम डोंगरावर चढला आणि माथ्यावर पारा तीन इंचांहून थोडा जास्त खाली आला. हा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. पायथ्याच्या मठात दुसरी नळी ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्याकडे बघत बसला होता, हे फारसं माहीत नसतं. ती नळी दिवसभर हलली नाही. ती नसती तर कुणीही म्हणू शकलं असतं की आज हवामानच बदललं. डोंगर चढणाऱ्याचं नाव होतं. मठात बसून ‘काही बदल नाही’ ही नोंद करणाऱ्याचं काम कंटाळवाणं होतं, आणि पीएच.डी.त तुम्ही बहुतेक दिवस त्याच्याच खुर्चीत असता.

आता गळतीकडे येऊ. १६५९ मध्ये रॉबर्ट बॉइलसाठी रॉबर्ट हूकने हवा उपसणारा पंप बांधला, आणि १६६० साली बॉइलने त्यावरचे ४३ प्रयोग छापले. त्यातल्या एकात पाऱ्याची नळीच काचेच्या गोलात ठेवून भोवतीची हवा काढली. पारा उतरत गेला, पण बाहेरच्या पातळीला पुरता टेकला नाही. बॉइल म्हणाला, पंप थोडा गळतो, थोडी हवा राहते. खरंच गळत होता. जोड लेपाने लिंपावे लागत, दट्ट्याला तेल द्यावं लागे, आणि बॉइलने हे लपवलं नाही. त्यामुळे थॉमस हॉब्जच्या हाती कोलीत मिळालं. १६६१ मध्ये त्याने लिहिलं की हे यंत्र गळतंच, तेव्हा याच्या आधारे कसल्या पोकळीच्या गप्पा? म्हणजे ‘गळती’ हा एकच शब्द. बॉइलला तो आकडा थोडा का चुकला हे समजावून देत होता, आणि हॉब्जला तोच शब्द अख्खं उपकरण मोडीत काढायला पुरत होता.

त्याच वर्षी ख्रिस्तियान हायगेन्स लंडनला येऊन गेला आणि हॉलंडला परतल्यावर त्याने स्वतःचा पंप बनवला. त्याने पाऱ्याऐवजी पाणी घेतलं. साध्या पाण्यातून हवा काढताना असंख्य बुडबुडे येतात, तुम्ही गरम होणाऱ्या पातेल्याच्या कडेला पाहिलेत तसे. ते विरघळलेल्या हवेचे. त्यांचा त्रास नको म्हणून त्याने पाणी आधी दीर्घकाळ निर्वातात ठेवून हवामुक्त केलं आणि मग प्रयोग केला. भोवतीची हवा काढली की नळीतलं पाणी उतरायला हवं. ते उतरलंच नाही. तसंच उभं राहिलं. एक बारीकसा बुडबुडा आत सोडला, आणि ते तत्काळ खाली आलं.

लंडनची प्रतिक्रिया तुम्ही ओळखली असेलच. रॉबर्ट मोरेमार्फत पत्रं गेली-आली आणि बॉइलचा पवित्रा होता की हायगेन्सचा पंप गळत असणार, भोवतालची हवा पुरेशी निघालेली नाही, म्हणून पाणी टिकतंय. हायगेन्सची अडचण समजून घ्या. पाणी टिकलं याचा एक अर्थ ‘पंप वाईट’ असा होतो आणि दुसरा ‘काहीतरी नवीन दिसलं’ असा. पंप चांगला आहे हे ठरवायची त्या काळी मान्य कसोटी कोणती? पाणी उतरणं! तो त्यांना सांगत होता की साधं पाणी याच पंपात व्यवस्थित उतरतं, हवामुक्त केलेलंच उतरत नाही. म्हणजे गळतीला दोन्ही वेळी सारखीच संधी होती. तरी निकाल लागायला जवळजवळ दोन वर्षं गेली. १६६३ च्या उन्हाळ्यात हायगेन्स स्वतः लंडनला असताना रॉयल सोसायटीत तो प्रकार घडवून दाखवला गेला, तेव्हा कुठे तो मान्य झाला. पंपांच्या या भांडणावर स्टीव्हन शेपिन आणि सायमन शेफर यांचं १९८५ सालचं ‘लेव्हायथन अँड द एअर-पंप’ हे पुस्तक आहे. थोडं जड आहे, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षात वाचावंच.

पाणी का टिकलं? कारण त्याच्यात तुटायला सुरुवात करून देणारा बुडबुडा नव्हता. बुडबुडा नसेल तर द्रव ताण सहन करतो. दोरीसारखा. गॅलिलिओ पंपाच्या बाबतीत चुकला होता, पण पाण्याची दोरी खोटी नव्हती. शंभर मीटरहून उंच रेडवुड झाडं आज याच जोरावर शेंड्यापर्यंत पाणी नेतात, असं वनस्पतिशास्त्र मानतं.

तर आमचं तळघर. बर्नर सुरू झाला आणि काटा दोनवर थांबला नाही. पाच, नऊ, बारा, पंधरा. मी म्हटलं, बघा, केवढी मोठी गळती. ते माझ्याकडे बघून सौम्यपणे म्हणाले, गळती असती तर काटा चढलाच नसता. भोक असलेल्या नळीने सरबत ओढून बघ.

तेल एक फूट वर ओढायला पाऱ्याचा साधारण पाऊण इंच पुरतो. पंधरा इंच म्हणजे पंपाचा जीव चालला होता, वाट कुठे तरी तुंबली होती. टाकी कोरडी पडल्यावर तळाचा गाळ नळीकडे ओढला गेला, नवीन तेल पडताना उरलेला ढवळला गेला, आणि फिल्टर चोंदला. मग पंप जीव खाऊन खेचायला लागला, नळीतला दाब उतरला. द्रवावरचा दाब कमी झाला की विरघळलेला वायू बाहेर पडतो, हे विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये नियमात बसवलं. या पंपांच्या बाबतीत साधारण दहा इंचांच्या पुढे तेलातून फेस सुटायला लागतो, असा या धंद्यातला अंदाज आहे. आमच्या नळीतली हवा बाहेरून आलीच नव्हती. ती तेलातच होती, हायगेन्सच्या पाण्यात होती तशी. नट आवळून ती थांबणार नव्हती, आणि एअर काढून चाळीस मिनिटांपलीकडे उपयोग नव्हता. मी रात्रभर चुकीच्या बाजूने पाना फिरवत होते.

त्यांनी फिल्टर बदलला, पंपातली जाळी धुतली, एअर काढला. काटा दोनला.

आता माझ्या चार महिन्यांबद्दल. मी निर्वात कक्षात पातळ थर बसवते. कक्षाचा दाब एका पातळीखाली जात नव्हता आणि थरांचा रोध दर वेळी वेगळा यायचा. मी वहीत लिहिलं ‘गळती’. हेलियम फवारून प्रत्येक जोड तपासला, काही सापडलं नाही, तेव्हा शोधक यंत्रावरच शंका घेतली. अकरा नमुने ‘गळतीमुळे बाद’ म्हणून डब्यात टाकले. खरं तर एक साधी चाचणी असते, आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत असलेली. पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दर मिनिटाला दाब लिहायचा. गळती असेल तर दाब सरळ रेषेत चढत राहतो. भिंतींना चिकटलेलं पाणी सुटत असेल तर आधी चढतो, मग वाकून आडवा होत जातो. एक दुपार लागते. मी ती केली नव्हती, कारण उत्तर मला माहीत होतं.

फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी केली. रेषा वाकली. कक्ष दोन दिवस तापवला आणि दाब उतरला. मार्गदर्शकांना हे सांगायला जाताना पोटात गोळा होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो डब्यातल्या अकरा नमुन्यांबद्दल. ते बाद केले ते दाब वाईट होता म्हणून, की रोध मला हवा तसा आला नाही म्हणून? वही उघडून बघितलं. सात वेळा दाबाची नोंद होती. चार वेळा फक्त ‘गळती’ हा शब्द होता, आकडा नव्हता. ते चार नमुने डब्यातून काढून पुन्हा मोजायला घेतलेत. दोन झालेत, आणि दोन्हींचा रोध एकमेकांशी जुळतोय, फक्त मला अपेक्षित होता तिथे नाही.

जाताना तंत्रज्ञांनी बर्नरला बांधलेल्या मळक्या कार्डावर तारीख घातली आणि शेजारी लिहिलं: २ इंच. त्याच्या वर त्यांच्याच अक्षरात आधीच्या हिवाळ्यांच्या नोंदी होत्या. २, २, २, ३, २.